तालीम सातला सुटते, शेवटची एसटी साडेपाचची

बालाघाटची_पोर | २३ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी अंबाजोगाईला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गाव वीसेक किलोमीटरवर. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या पारावर हाच विषय.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी आमच्या कॉलेजच्या भारुडाच्या संघात माझं नाव आलंय. घरात आजोबांपासून भजनाची सवय, त्यामुळं आवाज लावायला लाजत नाही. अडचण वेगळीच आहे. प्रॅक्टिकल उरकून तालीम सुरू व्हायला साडेचार वाजतात आणि सुटायला सात. गावाकडची शेवटची एसटी साडेपाचची. त्यानंतर ॲपे, तोही भरला तर निघतो. संघातली बाकीची पोरं बघितली तर कुणी अंबाजोगाईतलंच, कुणी होस्टेलवर, कुणाकडं स्वतःची गाडी. खेड्यातून रोज ये-जा करणारी मी एकटीच. सर म्हणाले, सोय होत असेल तर सोमवारपर्यंत सांग.

म्हणजे भारुडात कोण हे आवाजावरून ठरत नाही, रात्री घरी कोण पोचू शकतं यावरून ठरतं. सरांवर राग नाही माझा. पण हे असंच आहे.

जूनमध्ये मला १८ पूर्ण झाली. घरी बाबांची स्प्लेंडर आहे, ट्रॅक्टर आहे. धाकटा भाऊ अकरावीला, दोन्ही चालवतो, त्याला कुणी विचारत नाही कुठं निघालास. मी चावी मागितली की "कशाला गं?" बाबा नाही म्हणत नाहीत, पण हो पण म्हणत नाहीत.

लायसन्सला किती दिवस लागतात? स्प्लेंडरवरच शिकू की मैत्रिणीची स्कूटी मागू? आणि संध्याकाळी साडेसातला त्या रस्त्यानं एकटीनं यावं का? खरं खरं सांगा.

---

चव्वेचाळीसवाला | २३ ऑगस्ट

लायसन्सचं सांगतो, माझं रोजचंच काम आहे.

शिकाऊ लायसन्स आता घरबसल्या निघतं. परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर आधार टाकून अर्ज करायचा, फी भरायची आणि चिन्हांची-नियमांची परीक्षा मोबाईलवरच द्यायची. मराठीत देता येते. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. ही परीक्षा स्वतः दे. कॅफेवाले "आम्हीच सोडवून देतो" म्हणतात, त्यांच्या नादी लागू नकोस. त्यातली चिन्हं उद्या रस्त्यावर तुलाच लागणार आहेत.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ते निघाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सच्या चाचणीला जाता येतं, त्याआधी नाही. अंबाजोगाईला एमएच-४४ चं आरटीओ कार्यालय आहे, तुला बीडला जायची गरज नाही.

महत्त्वाची गोष्ट. अर्ज करताना 'गियरसह मोटारसायकल' हाच वर्ग निवड. त्यावर स्कूटीही चालवता येते. नुसता विनागियर वर्ग घेतलास तर घरची स्प्लेंडर चालवता येणार नाही, पुन्हा सगळी उस्तवार. आणि ट्रॅक्टरचं मनात असेल तर तेही याच वेळी टाक.

आता कडू भाग. आज २३ ऑगस्ट. शिकाऊ लायसन्स या आठवड्यात निघालं तरी पक्कं व्हायला सप्टेंबर संपतो. शिकाऊवर असताना गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल एल हवा आणि सोबत लायसन्सवाला शिकवणारा हवा. त्याच्याशिवाय मागं दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही. तेव्हा या वर्षीच्या तालमींना तू एकटी गाडीवर जाशील हे डोक्यातून काढून टाक. गाडी शीकच, पण तालमीची सोय दुसरीकडून बघ.

---

जुना_पाटील | २३ ऑगस्ट

लेकराला रात्रीच्या रस्त्याला कशाला घालता? होस्टेल आहे, नातेवाईक असतील. नाहीतर भारूड पुढच्या वर्षी. शिक्षण महत्त्वाचं.

---

गोदाकाठची_ताई | २३ ऑगस्ट

पाटीलकाका, होस्टेलची फी, मेसचा डबा, हे दीड महिन्याच्या तालमीसाठी कोण भरणार? आणि भाऊ अकरावीत स्प्लेंडर फिरवतोय हे तिनं सरळ लिहिलंय, त्यावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तिच्याकडं निदान वय तरी आहे.

---

जुना_पाटील | २३ ऑगस्ट

पोरगं घरच्या शेतात चालवतं, त्यात काय एवढं. आम्ही दहाव्या वर्षी बैलगाडी हाकत होतो.

---

चव्वेचाळीसवाला | २४ ऑगस्ट

काका, बैलगाडीला लायसन्स लागत नव्हतं.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम पोरांना सांगत असतो, कारण दंड बापाचा असतो म्हणून त्यांना त्याचं काही वाटत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि कोर्टाच्या आदेशानं मालकाकडून वसूल करते. जमीन विकून भरलेली माणसं बघितलीत मी.

१६ वर्षांचं लायसन्स असतं असं कुणीतरी म्हणणारच. असतं, पण ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचं. स्प्लेंडर शंभराच्या आसपासची आहे. बाजारात ५० सीसीची गाडी शोधून दाखवा.

---

लातूरची_रूम_नं_चार | २४ ऑगस्ट

मी पण अकरावीला आहे, मूळचा हिंगोली जिल्ह्यातला, लातूरला रूम करून राहतो. दादा, ते २५ किमी वेगाची बॅटरीवाली स्कूटी बिनालायसन्सची चालते म्हणतात, ते खरं का? क्लासला जायला बरी पडेल.

बाकी युवक महोत्सव वगैरे वाचून हेवा वाटला. आमचं सकाळी सहाला केमिस्ट्री, मग कॉलेजची हजेरी, दुपारी मेसचा डबा, झोप आवरत फिजिक्स, रात्री अभ्यासिका. रविवारी टेस्ट. आमच्याकडं गॅदरिंग म्हणजे निकालाच्या दिवशी सगळे बोर्डासमोर गोळा होतात ते. दहावीला गावच्या शाळेत शेला-पागोटे झाले होते, मला 'मुका पोपट' मिळालं होतं. त्यानंतर स्टेज बघितलं नाही.

---

चव्वेचाळीसवाला | २४ ऑगस्ट

खरं आहे. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही. पण विकत घेताना कागद बघ. काही दुकानदार वेगाची मर्यादा काढून देतात, मग ती गाडी नियमात बसत नाही. लातुरात क्लासला ठीक आहे. धागाकर्तीच्या वीस किलोमीटरला ती कामाची नाही, घाटात तर नाहीच. आणि कायदा म्हणत नसला तरी हेल्मेट घाल.

---

मास्तर_सांस्कृतिक | २५ ऑगस्ट

मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सांस्कृतिक विभाग बघतो, त्यामुळं पलीकडची बाजू सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडं. दोन्हींचे युवक महोत्सव वेगळे. भारूड, पोवाडा, जलसा, मूकनाट्य, एकांकिका, वादविवाद, रांगोळी असे तीसहून जास्त प्रकार असतात. महोत्सव पदवी-पदव्युत्तरच्या मुलांसाठी असतो, त्यामुळं लातूरच्या आमच्या मित्राला अजून दोन वर्षं थांबावं लागेल. चांगला संघ असेल तर पुढं 'इंद्रधनुष्य' आहे, २००३ पासून राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा होतो.

तालीम संध्याकाळी का? कारण ढोलकीवाला आणि पेटीवाला तेव्हाच मोकळे असतात. ते बहुतेकदा बाहेरचे असतात, दिवसा त्यांचा कामधंदा असतो. मुलांना हे ठाऊक नसतं, त्यांना वाटतं सर मुद्दाम करतात. पण भारुडात रोज वाद्यं लागत नाहीत. पाठांतर, सवाल-जवाब, हालचाली, टाळ्यांची लय, हे सगळं वाद्यांविना बसवता येतं. आठवड्यात तीन दिवस सकाळी कॉलेज सुरू व्हायच्या आधी दीड तास, दोन दिवस दुपारी आणि फक्त शनिवारी वाद्यांसोबत पूर्ण तालीम, असं आम्ही काही वर्षं करतोय. शनिवारी लांबच्या मुलींची सोय शहरातल्या मैत्रिणींच्या घरी, घरच्यांशी बोलून.

हे सरांना जाऊन सांग. तक्रार म्हणून नाही, वेळापत्रक लिहून ने. कोरा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला आम्ही "बघू" म्हणतो. कागद घेऊन आलेल्याला तसं म्हणता येत नाही.

एक स्पष्ट बोलतो. गेल्या काही वर्षांत आमच्या संघांत खेड्यातल्या मुली कमी होत गेल्या आणि आम्ही म्हणत राहिलो की मुलींना रस नाही. रस असतो. भारूड, गवळण, ओव्या यांच्याच घरात जास्त आहेत. शहरातल्या मुलांना भारुडाचा ठेका शिकवावा लागतो, यांना फक्त उभं करावं लागतं.

---

गोदाकाठची_ताई | २५ ऑगस्ट

सर, हे सगळ्या कॉलेजांना पाठवा हो. आमच्या वेळी नांदेडला १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन सकाळी असायचं आणि आमची पहिली एसटी झेंडावंदन झाल्यावर पोचायची. गैरहजर म्हणून आमची नावं वाचली जायची, ते वेगळंच. ज्या दिवशी १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटलो तो दिवस आम्ही स्टँडवर घालवायचो.

---

काळी_कसदार | २५ ऑगस्ट

रस्त्याचं कुणीच बोललं नाही, मी बोलतो. त्याच पट्ट्यात माझं शेत आहे, दूध घालायला रोज पहाटे आणि संध्याकाळी गाडीवर असतो.

पोरी, खड्ड्याला घाबरायचं नाही, खड्डा दिसतो. घाबरायचं ते काळ्या मातीला. पावसात शेतातून ट्रॅक्टर डांबरावर आला की टायरला धरलेली माती रस्त्यावर सोडत जातो. तिच्यावर चार थेंब पडले की साबण. तिथं पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. लांबून वेग कमी करायचा, गियर खाली घ्यायचा आणि चिखलावर असताना ब्रेकला हातच लावायचा नाही. वळणावर शेतरस्ता येऊन मिळतो तिथं माती असणारच असं धरून चालायचं.

सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन निघतं. लोक खळं करायचं सोडून रस्त्यावर काड पसरतात, गाड्यांच्या चाकाखाली मळून निघावं म्हणून. तुमचा महोत्सव त्याच दिवसांत. काडावरून गाडी घसरते आणि उन्हात सायलेन्सरला काड अडकून पेटतं पण. काड दिसलं की उतरून ढकलत ने, लाज नको.

अंधार पडल्यावर रोही, म्हणजे नीलगाई. कळपानं असतात. एक रस्ता ओलांडून गेलं म्हणून आपण वेग वाढवतो आणि मागचं दुसरं येऊन धडकतं. एक दिसलं की थांब, मोज, मग नीघ.

आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊस. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यानं झाकलेला, कडेला मोळ्या बाहेर आलेल्या. समोरून एखादी जीप मोठा दिवा टाकून आली की तुला काहीच दिसत नाही आणि त्याच वेळी तुझ्या पुढं ट्रॉली उभी असते. आमच्या भागात माणसं अशीच गेलीत. समोरचा उजेड डोळ्यावर आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणि वेग एकदम कमी. मागनं कुणी हॉर्न वाजवू दे. तुमचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असतं ना, तोच उसाचा भर. लायसन्स आलं तरी पहिल्या हंगामात दिवस मावळल्यावर एकटीनं येऊ नको. मी पोराला पण हेच सांगतो, पोरगी-पोरगा असा भेद नाही यात.

दिवसा मात्र बिनधास्त ये. रस्ता आपलाच आहे.

---

लालपरीचा_माणूस | २६ ऑगस्ट

महामंडळात नोकरी झाली, आता निवृत्त. शेवटच्या गाडीची वेळ देवानं लिहिलेली नसते. आगार व्यवस्थापकाच्या हातात थोडंफार असतं. एक अर्ज, त्याला प्राचार्यांचं पत्र, त्या मार्गावरच्या पासधारक विद्यार्थ्यांची यादी सह्यांसकट, आणि मार्गावरच्या दोन-तीन ग्रामपंचायतींचे ठराव. यादीला वजन असतं. एका पोरीसाठी गाडी हलत नाही, पासवाल्या चाळीस पोरांसाठी अर्धा-पाऊण तास पुढं सरकू शकते. मुक्कामी गाडी असेल तर अजून सोपं, कारण ती रात्री गावातच थांबायची असते, तासभर उशिरा पोचली तर कुणाचं बिघडत नाही. आधी तपास, तुमच्या मार्गावर मुक्कामी आहे का.

निळ्या मानव विकासच्या गाड्यांच्या मागं लागू नका, त्या बारावीपर्यंतच्या मुलींसाठी शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात.

---

बालाघाटची_पोर | ३१ ऑगस्ट

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

मास्तरसर, तुमचं वेळापत्रक जसंच्या तसं वहीच्या पानावर उतरवून नेलं. आमच्या सरांनी सकाळचं मान्य केलं, फक्त साडेसात ऐवजी पावणेआठ, कारण माझी पहिली गाडी साडेसातला टेकते. वाद्यांची तालीम शनिवारी. शनिवारी मी योगेश्वरी मंदिराजवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडं मुक्काम करणार. तिची आई आणि माझी आई फोनवर बोलल्या, दोघींचं माहेर परळीकडचं निघालं, आता त्या आमच्याशिवायच बोलत असतात.

एक गंमत. वेळ बदलल्यावर धानोऱ्याकडच्या आणखी दोघी आल्या. त्यांनी आधी नावच दिलं नव्हतं. त्यातली एक इतकी चांगली गाते की माझी मुख्य भूमिका राहते का नाही, शंका आहे.

लालपरीकाका, आमच्या मार्गावर मुक्कामी गाडी नाही. सह्या गोळा करतेय. ग्रामसेवक गावात कधी असतात हे शोधणं एसटीपेक्षा अवघड आहे.

शिकाऊ लायसन्स निघालं! परीक्षा स्वतः दिली. बाबा रविवारी माळावर नेतात. ते शिकवताना ओरडत नाहीत, गप्प बसतात, ते जास्त भीतीचं वाटतं. क्लच सोडताना गाडी उडी मारते आणि बंद पडते. भाऊ बांधावर बसून हसत होता. त्याला कलम १९९अ वाचून दाखवलं. २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही म्हटल्यावर हसू थांबलं. बाबांनी पण ऐकलं. चावी आता देवघराच्या कोनाड्यात असते, तो सायकलवर स्टँडपर्यंत जातो आणि माझ्याशी बोलत नाही.

---

काळी_कसदार | ३१ ऑगस्ट

क्लच पूर्ण सोडू नको. दाबून पहिला गियर टाक, ॲक्सिलेटरला हात न लावता हळूहळू सोड. एका जागी गाडी थरथरायला लागते, तिथंच बोटं धर. तिला स्वतःहून निघू दे, मग रेस दे. सपाट माळावर नुसतं एवढंच करत बस, गियर बदलायची घाई नको.

---

चव्वेचाळीसवाला | ३१ ऑगस्ट

स्प्लेंडरचे सगळे गियर पंजानं पुढं दाबून पडतात. दुसऱ्या कितीतरी गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. चाचणीला मैत्रिणीची किंवा एजंटची गाडी घेतलीस तर ऐन आठाच्या आकड्यात गोंधळ होईल. घरचीच गाडी आण. आठ काढताना नजर पुढच्या चाकाकडं नको, वळून जिथं जायचंय तिथं. पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर, पाय खाली न टेकवता. माळावर चुन्यानं आठ आखून घे.

---

जुना_पाटील | १ सप्टेंबर

मला अजूनही पटत नाही. पण सकाळची तालीम हे बरं झालं. पोरींनी सकाळीच गावं सोडावीत आणि दिवसाउजेडी यावं.

---

गोदाकाठची_ताई | १ सप्टेंबर

काका, पोरांनी पण. काळी_कसदार दादांनी ते लिहिलंय वर.

---

लातूरची_रूम_नं_चार | १ सप्टेंबर

ताई, भारुडाचा व्हिडिओ टाकशील का? रविवारी टेस्ट झाल्यावर बघतो.

---

चव्वेचाळीसवाला | १ सप्टेंबर

चाचणीच्या दिवसाचं राहिलं. शिकाऊ लायसन्स, आधार, एल पाटी, हेल्मेट हे लोक आणतात. विसरतात ते गाडीचे कागद. विमा आणि पीयूसी चालू नसेल तर चाचणी होत नाही, वेळ पुन्हा घ्यावी लागते, आणि सणांच्या दिवसांत ती लवकर मिळत नाही. खेड्यातल्या गाड्यांचा विमा पहिल्या वर्षानंतर कुणी बघत नाही. आत्ताच तपासून घे.

---

बालाघाटची_पोर | १ सप्टेंबर

बघितलं. विमा मार्चपर्यंत आहे, पीयूसी कधीचंच संपलंय. शनिवारी तालमीला येताना बाबा गाडी घेऊन येतील, पंपावर काढून घेतो.